यंत्र नवं, प्रमाण आपलंच

लालबागच्या मिरची गल्लीत वर्षाचा मसाला करायला आलेल्या बायका बघाव्यात. बेडगी इतकी, संकेश्वरी इतकी, धणे किती, दगडफूल किती, प्रत्येकीचं प्रमाण वेगळं आणि घरचं. डंखवाल्याने नवं यंत्र बसवलं, तरी प्रमाणाची चिठ्ठी आपल्या पर्समध्येच राहते. ती कुणी डंखात टाकून येत नाही.

कॉम्प्युटरवर मात्र नेमकं हेच होतं, मैत्रिणींनो! परळच्या एका बचत गटाची गोष्ट सांगते. चकली, शंकरपाळ्यांच्या पाकिटांची लेबलं त्या स्वतः छापतात. गटाचं नाव, मराठी अक्षरं आणि अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक, सगळं नीट बसवलेलं. दिवाळीच्या तोंडावर प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली. होय म्हटलं, बटण दाबलं. नवा प्रोग्रॅम आला तो कोरा नमुना घेऊन. लेबलं छापली, घाईत चिकटवली, आणि दादरच्या दुकानदाराने माल परत केला. परवान्याचा क्रमांकच नव्हता! चकली तीच, खुसखुशीत, पण पाकीट विकता येईना. रात्रभर बसून लेबलं बदलली बायकांनी.

असं का व्हावं? तर गटाचा नमुना प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये ठेवलेला होता. नवा आला, त्याने जुन्याचं घर पुसलं, त्यात हाही गेला. शहाणे प्रोग्रॅम वापरणाऱ्याची सेटिंग वेगळ्या जागी ठेवतात. १९९३ साली सुरू झालेली डेबियन नावाची मोफत प्रणाली आहे. तिची रीत मला फार आवडली. मूळ फाइल कशी दिली होती, याचा एक ठसा ती जपून ठेवते. अपग्रेडच्या वेळी बघते, या घरच्या बाईने फाइलीत काही बदललंय का? नसेल, तर गुपचूप नवी ठेवते. बाईने बदललंय, पण कंपनीकडून काही नवं नाही, तर बाईचीच राहू देते. दोन्हीकडून बदल असेल तर थांबून विचारते, तुमची ठेवू की नवी घेऊ? नुसतं एंटर दाबलं तरी तुमचीच राहते. आणि जी नाकारली, तीही शेजारी वेगळ्या नावाने ठेवते. सुनेने स्वयंपाकघर लावताना सासूला इतकं विचारलं तर घरात भांडणं कशाला होतील!

म्हणून जुनं ते सगळं धरून ठेवावं, असं मात्र नाही हं. २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकीटबंद नमकीनवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. नोंदणी असलेल्या ज्या व्यावसायिक बाईच्या बिलात जुना दर बसवलेला असेल, तिने तो तसाच जपला तर गिऱ्हाइकाकडून जास्त पैसे घेतले जातील. नाव, अक्षर, क्रमांक आपले ठेवायचे. दर नवा घ्यायचा. कुठलं काय, हे ठरवायला मशीन उपयोगाचं नाही, हिशेब ठेवणारी बाईच लागते.

आता अपग्रेडचा निरोप आला की आधी सेटिंगच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढायचे. बिलाचा आणि लेबलाचा नमुना पेन ड्राइव्हवर कॉपी करायचा. दुकानदाराला, नाहीतर ज्याने प्रोग्रॅम बसवून दिला त्याला, सरळ विचारायचं, "माझी फाइल कुठल्या फोल्डरमध्ये असते?" लाजायचं काही कारण नाही, पैसे मोजलेत आपण. अपग्रेड झाल्यावर एकच लेबल छापून जुन्याशेजारी धरून बघायचं, मगच पुढची छपाई.

परळच्या गटाचा पेन ड्राइव्ह हल्ली पावतीपुस्तकांच्या कपाटात, कुलपात असतो. आणि गणपती ते दिवाळी अपग्रेडच्या बटणाला कुणी हात लावायचा नाही, असं त्यांनी मासिक सभेत ठरवून इतिवृत्तात लिहूनही ठेवलंय.