नामभेद आणि ओळख : खानदेशातील सिंधी कुटुंबांची कागदपत्रे

१९४७ च्या फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी जळगाव व धुळे येथे वस्ती केली. पुढेही सिंधमधून काही कुटुंबे येत राहिली. २०१९ च्या नागरिकत्व सुधारणा अधिनियमाचा लाभ पाकिस्तानातून आलेल्या हिंदूंना मिळण्यासाठी ३१ डिसेंबर २०१४ पर्यंतचा भारतप्रवेश सिद्ध व्हावा लागतो. प्रवेशाच्या कागदावरील नाव आणि आजचे नाव जुळले नाही, तर हा पुरावाच डळमळतो. म्हणून नामभेदाचे प्रकार नीट ओळखणे अगत्याचे आहे.

पहिला प्रकार लिपिभेदाचा. सिंधीच्या अरबी वळणाच्या लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत. त्यामुळे क-श-न ही अक्षरे कोणी 'किशन', तर कोणी 'किशिन' अशी वाचतो. एखादा लेखनिक त्यांवर 'कृष्ण' असा संस्कारही करतो. दुसरा प्रकार रचनाभेदाचा. पाकिस्तानी पारपत्रात पित्याचे नाव स्वतंत्र रकान्यात असते. मराठी रीतीत ते नाव व आडनाव यांच्यामध्ये येते. तिसरा प्रकार खऱ्या नामांतराचा. उदाहरणार्थ, विवाहोत्तर नाव.

पहिल्या दोहोंत नाव बदलत नाही, बदलते ती लेखनाची रीत. तेथे उभय रूपे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र सुसंगत ठरते. राजपत्रातील प्रसिद्धी तिसऱ्या प्रकारासच शोभते; केवळ लेखनभेदासाठी ती केल्यास पूर्वीचे नाव वेगळेच होते, अशी कबुली दिल्यासारखे होते. मूळ लिपी, उच्चार व लिप्यंतर एकत्र मांडून हा भेद स्पष्ट करणे, हे भाषाभ्यासकाचे कार्य होय.