जिवंत वीट: ओली की कोरडी?

सिमेंट बनवताना जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ८ टक्के बाहेर पडतो, हे आपण पाहिलं. आता एक वेगळी वीट बघू. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या विल स्रुबार यांच्या गटाने ती २०२० मध्ये मांडली. वाळू, जिलेटिन (हो, जेलीतलंच!) आणि सिनेकोकॉकस हे जिवाणू. उजेडात ते कार्बन डायऑक्साइड घेतात आणि वाळूत कॅल्शियम कार्बोनेट साठवतात. शिंपला ज्याचा बनतो, तेच. गंमत म्हणजे वीट अर्धी करून नवी वाळू, जिलेटिन नि पोषक द्रव्यं घातली की दोन विटा होतात. तीन पिढ्यांत एकीच्या आठ!

पण खरी गोम इथे आहे. पूर्ण ताकद यायला वीट वाळवावी लागते, आणि वाळली की जिवाणू मरतात. बांधकामवाल्याला ती कोरडी हवी, जीवशास्त्रज्ञाला ओलसर. म्हणून तर दोघांना एकत्र बसावं लागलं. हवेत निदान ५० टक्के आर्द्रता ठेवल्यावर ३० दिवसांनी ९ ते १४ टक्के जिवाणू जिवंत होते. कमी वाटतं ना? काँक्रीटमध्ये मिसळलेले जिवाणू याहून फारच कमी टिकतात. कोरडेपणा सोसणारे जिवाणू घडवता येतील का, हा दोघांपुढचा पुढचा प्रश्न होता.