गिअर टाकायचा कधी?

भोसरीतल्या कुठल्याही शेडमध्ये जाम झालेला बोल्ट सोडवायचा झाला, की फिटर पान्याच्या मागे पाइप सरकवतो. हाताचा जोर तेवढाच, पण पाइप लांब झाला की बोल्टवरचा पीळ वाढतो. त्या बदल्यात हात जास्त फिरवावा लागतो, एवढंच. गाडीचा गिअरबॉक्स म्हणजे हीच करामत, वेगवेगळ्या लांबीचे पाच-सहा पाइप एका डब्यात कोंबलेले. पहिल्या गिअरचा पाइप सगळ्यात लांब, शेवटच्याचा सगळ्यात आखूड.

आता चाकणमध्ये २००९ ते २०२२ या काळात बनलेली पोलो घ्या. शेवटच्या काळात तिच्यात एक लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन होतं. ताकद ११० पीएस, टॉर्क १७५ न्यूटन-मीटर. आकडा भारदस्त वाटतो, पण या गाडीच्या चाकाचे बोल्टच मुळी १२० न्यूटन-मीटरला आवळतात. मीटरभर पाइपच्या टोकाला अठरा किलो वजन टांगलं, की इंजिनाएवढा पीळ तयार. म्हणजे आपला सडपातळ फिटरसुद्धा टॉर्कच्या बाबतीत पोलोला हरवू शकतो. त्याला जमणार नाही ते मिनिटाला पाच हजार वेळा तसं करणं. टॉर्क आणि फेरे यांचा गुणाकार म्हणजे पॉवर. पाइप बदलून टॉर्क हवा तेवढा वाढवता येतो, पॉवर मात्र रतीभरही वाढत नाही.

पिकअपच्या गप्पांमध्ये गोंधळ होतो तो इथे. ‘टॉर्क ओसरायला लागला की लगेच पुढचा गिअर टाकायचा’, हा सल्ला इतक्या जणांकडून ऐकलाय की तो बरोबर असता तर बरं झालं असतं. पाठीला सीटचा दाब सगळ्यात जास्त जाणवतो तो टॉर्कच्या शिखरावर, हे खरं. पण प्रश्न या गिअरात जोर कमी झाला का, हा नाही. पुढच्या गिअरात यापेक्षा जास्त मिळणार आहे का, हा आहे. पुढचा पाइप आखूड आहे, हे विसरायचं नाही.

हिशोब करून पाहू. गुणाकार सोपा व्हावा म्हणून दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर २ आणि तिसऱ्याचं १.३ धरतो. मूळ पोलोचा १७५ टॉर्क ४,००० फेऱ्यांपर्यंत टिकतो. ५,५०० ला तो सुमारे १४० वर आलेला असतो. दुसऱ्या गिअरात १४० दुणे २८०. त्याच क्षणी तिसरा टाकला, तर फेरे ३,५७५ वर उतरतात, तिथे टॉर्क पूर्ण १७५; पण गुणिले १.३ म्हणजे २२७. टॉर्क ओसरलेला दुसरा गिअरच जास्त ओढतोय! ६,००० ला टॉर्क १२० पर्यंत घसरतो असं मानलं, तरी २४० विरुद्ध २२७. थोडक्यात, मूळ गाडी लाल रेषेपर्यंत ताणलेलीच बरी.

रीमॅप केलं की हे गणित बदलतं. रीमॅप म्हणजे ईसीयूमधले, म्हणजे इंजिनाच्या संगणकातले, तक्ते बदलून टर्बोला जास्त हवा कोंबायला लावायचं, त्या हवेच्या मापाने पेट्रोल आणि ठिणगीची वेळ जुळवून घ्यायची. अडचण अशी की टर्बो तोच, लहानसा. मधल्या फेऱ्यांत तो भरभरून देतो, वर गेल्यावर त्याला धाप लागते. समजा मधला टॉर्क २३० झाला, ५,५०० ला १६० उरला आणि ६,००० ला जेमतेम १२८. आता ६,००० ला दुसऱ्या गिअरात २५६ मिळतात, तर तिसऱ्यात २९९. म्हणजे आपण उशीर केला. बरोबरी होते ती साधारण ५,६५० ला. गाडी जास्त ताकदवान झाली आणि गिअर मात्र आधी टाकावा लागतो, हे अनेकांच्या पचनी पडत नाही. इंजिन वर किंचाळत असतं म्हणून गाडी पळतेय असं वाटतं, इतकंच.

बरं, सगळ्या गिअरांना एकच आकडा चालत नाही. पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर मोठं असतं. पहिल्याचं गुणोत्तर ३.७ धरलं, तर याच रीमॅप गाडीला ६,००० पर्यंत ताणणंच फायद्याचं (पुढची चाकं जागच्या जागी घसरत नसतील, तर). वरचे गिअर जवळजवळ असतात. फेरे पाऊणपटच होत असतील, तर ५,३०० लाच पुढचा टाकावा. आणि कोणी मोठा टर्बो किंवा वेगळा कॅमशाफ्ट बसवला असेल, तर सगळंच उलट. ताकद वर सरकते, गिअर लवकर टाकला की फेरे टर्बोच्या झोपेत जाऊन पडतात. तिथे ताणण्याला पर्याय नाही, पण व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा तेवढ्या तयारीच्या हव्यात.

म्हणून ताकद मोजणाऱ्या डायनोच्या रोलरवरून उतरताना हातात मिळणाऱ्या कागदातला सगळ्यात मोठा आकडा मला फारसा कामाचा वाटत नाही. लोक तोच मित्रांना पाठवतात. खरी माहिती असते ती आलेखाच्या उजव्या टोकाला, शिखरानंतरची उतरण किती तीव्र आहे त्यात. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथली हवा पाच-सहा टक्के विरळ. साध्या इंजिनाची ताकद साधारण तेवढी घटते. टर्बो जास्त फिरून ती भरून काढतो, म्हणजे त्याची धाप आणखी लवकर सुरू होते. गिअरबॉक्सलाही मर्यादा आहेच. २०१३ च्या पोलो जीटी टीएसआयमधला सात गिअरचा डीएसजी मुळात २५० न्यूटन-मीटरसाठी बनवलेला. क्लच घसरायला लागला, की कुठला गिअर आणि कुठला आलेख!

भोसरी-चाकणच्या याच पट्ट्यात गिअर बदलण्याचं दुसरं टोकही आहे. चाकणमध्ये एमआयडीसी म्हटलं की सगळ्यांना औद्योगिक महामंडळ आठवतं. पण १९६६ साली स्थापन झालेल्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेत, जिचं एक केंद्र चाकणलाही आहे, या अक्षरांचा आणखी एक अर्थ होतो: मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल. धुराच्या चाचणीसाठी ठरवलेला हा वेगाचा नकाशा. रोलरवर गाडी चालवणाऱ्याने तो रेषेबरहुकूम पाळायचा. त्यात मॅन्युअल गाडीला ताशी १५ किलोमीटरला दुसरा गिअर, ३५ ला तिसरा. तीच पोलो दुसऱ्यात ताणली, तर ३५ च्या दुपटीपुढे जाते. डॅशबोर्डवरचा ‘गिअर वाढवा’ सांगणारा बाण इंधन वाचवणाऱ्या पंथातला. त्याचं ऐकून कोणी शर्यत जिंकलेली नाही.

शर्यतीची जागा म्हणाल, तर लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’मध्ये गाड्या पाव मैल पळवल्या गेल्या आहेत. रस्त्यावर मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ शर्यतीला आडवं येतं आणि कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलांशी न जुळणाऱ्या फेरफाराला.

कायदा बाजूला ठेवला, तरी नाशिक रस्ता आहेच. शिफ्ट सुटायच्या वेळेला चाकणच्या तळेगाव चौकात कंटेनरच्या मागे अडकलेली ती रीमॅप पोलो पाहा. ५,६५० चं राहू द्या, एआरएआयच्या नकाशातला पंधराचा दुसरा गिअरही तिला मोशीपर्यंत टाकायला मिळत नाही.