मदतीचा हात आणि स्पॅनिश भाषा

परकी भाषा शिकावयास घेतली म्हणजे विद्यार्थी प्रथम वर्णमाला, मग क्रियापदांचीं रूपें आणि त्यानंतर धडे, या क्रमानें जातो. शाळेला हा क्रम सोयीचा असतो. परक्या मुलुखांत उतरलेल्या मनुष्याची गरज मात्र तो पाळीत नाहीं. त्याला पहिल्याच दिवशीं कोणाची तरी मदत मागावी लागते. कोल्हापूरकरांना याचें उदाहरण दूर शोधावयास नको. शहराजवळ वळिवडे येथें १९४३ ते १९४८ या काळांत सुमारें पांच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती व तींत बहुसंख्य स्त्रिया आणि मुलें होतीं. पाणी, औषध किंवा रस्ता विचारावयाचा तर व्याकरण पुरें होईपर्यंत थांबून चालत नाहीं.

आज शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं परदेशीं जाणाऱ्या तरुणांची गांठ स्पॅनिश भाषेशीं पडूं शकते, कारण सुमारें वीस देशांची ती राजभाषा आहे. या भाषेंत मदतीसाठीं नित्य वापरला जाणारा वाक्प्रचार म्हणजे 'एचार उना मानो'. 'एचार' म्हणजे टाकणें आणि 'मानो' म्हणजे हात. मराठींत एखाद्यावर हात टाकणें म्हणजे त्याला मारणें. स्पेनमध्यें हात टाकणें म्हणजे हातभार लावणें! मित्राला 'मे एचास उना मानो?' म्हटलें कीं 'जरा हात लावतोस का?' असा अर्थ होतो. वडीलधाऱ्या वा अपरिचित व्यक्तीशीं बोलतांना 'एचास'चें 'एचा' होतें. आपण 'लावतोस' आणि 'लावतां' यांत जो भेद करतों, तोच हा होय. दक्षिण अमेरिकेंतील पुष्कळ देशांत हात टाकीत नाहींत, देतात. तेथें 'दार उना मानो' म्हणतात.

येथें 'उना' या लहानशा शब्दाकडे दुर्लक्ष करूं नये. त्याच्या जागीं 'ला' घालून 'दार ला मानो' म्हटलें तर सामान्यतः हस्तांदोलनाचा अर्थ निघतो आणि 'पेदीर ला मानो' म्हणजे तर विवाहासाठीं मागणी घालणें! मराठींत असे उपपदवाचक शब्द नाहींत, म्हणून मराठी विद्यार्थ्याची चूक नेमकी येथेंच होते.

अनेकांनीं मिळून काम उचलावयाचें असेल तर 'आरिमार एल ओंब्रो' म्हणतात; म्हणजे खांदा जवळ आणणें. याचें भाषांतर 'खांदा देणें' असें करणें घातक ठरेल, कारण आपल्याकडे खांदा तिरडीला देतात. 'खांद्याला खांदा लावणें' हाच येथें योग्य प्रतिशब्द होय. अडचणींत सांपडलेल्यास सोडविण्याला स्पेनमध्यें 'एचार उन काब्ले', म्हणजे जाड दोर टाकणें, असेंही म्हणतात.

परंतु हे सर्व शब्द साध्या अडचणीचे आहेत. जीवावर बेतलें असतां 'सोकोर्रो!' अशीच हांक मारावयाची. पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ सालच्या महापुरांत वेढलेल्या मनुष्यानें 'जरा हात लावा' म्हणावें असें कोणास वाटेल? तेथें 'वाचवा!' हाच शब्द. हांकेवरून संकटाची तीव्रता ऐकणाऱ्यास कळली पाहिजे.

मदत देऊं करण्याची रीतही ध्यानांत ठेवावी. मराठींत आपण 'मदत करूं का?' असें विचारतों. स्पॅनिशमध्यें साधा वर्तमानकाळ पुरतो. 'ते आयुदो?' याचा शब्दशः अर्थ 'तुला मदत करतों?' एवढाच आहे. आदरार्थीं 'ते'च्या ठिकाणीं 'ले' घालावें.

शिष्टाचाराचा भेद याहून सूक्ष्म आहे. 'कृपया' हा शब्द आपल्याकडे पाटीवर शोभतो; घरांत कोणी आईला 'कृपया पाणी दे' म्हणत नाहीं. 'जरा', 'तेवढें' हे शब्द तें काम करतात. 'तेवढी पिशवी धर की,' या कोल्हापुरी वाक्यांतील 'की' हा विनंतीचाच सूर होय. स्पॅनिशमध्यें हा भार 'पोर फावोर' हे शब्द वाहतात. ते गाळून कोरडी आज्ञा केली तर अपरिचितास ती खटकूं शकते. तसेंच 'ग्रासियास', म्हणजे आभारी आहें, हें लहानशा उपकारालाही म्हणावें. त्यावर उत्तर येतें, 'दे नादा'. 'नादा' म्हणजे कांहीं नाहीं. आपलें 'त्यांत काय!' याचें सख्खें भावंड.

मदत मागण्याचा संकोच सर्वत्र सारखाच असतो व तो घालविण्यासाठीं स्पॅनिश लोक म्हणतात, 'ओय पोर ती, मान्याना पोर मी', म्हणजे आज तुझ्यासाठीं, उद्यां माझ्यासाठीं. आपल्या शेतकऱ्यांना हें तत्त्व नवें नाहीं. सावड किंवा पैरा करतांना आज एकाच्या रानांत राबलेले हात उद्यां दुसऱ्याच्या रानांत राबतात. तेथें कोणी उपकारकर्ता नाहीं कीं कोणी याचक नाहीं. पैऱ्याचा अर्थ ज्याला ठाऊक आहे, त्याला परक्या देशांत मदत मागतांना मान खालीं घालण्याचें कारण नाहीं. त्याला केवळ शब्द तेवढे शिकावयाचे आहेत.