पडद्यावरची शिकवणी आणि सीमाभागातील विद्यार्थी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले. फळ्यावर उदाहरण लिहून झाले की ते खुर्चीवर बसत नसत. बाकांच्या रांगांमधून हिंडत, मागे येऊन उभे राहत आणि वहीतील ज्या पायरीवर आमचे पाऊल घसरले असेल, नेमके तेथे बोट ठेवीत. बोलत काहीच नसत. सेवानिवृत्तीनंतर मी स्वतः संगणकाच्या पडद्यावरून मुलांना गणित शिकवू लागलो, तेव्हा ते बोट मला वारंवार आठवू लागले. पडद्यावरून ते ठेवता येते काय, हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम आपल्या भागातील विद्यार्थ्याची स्थिती पाहू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव-निपाणीचा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, समाविष्ट झाला. त्याविषयी महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्या वादाचा ऊहापोह करण्याचे हे स्थळ नव्हे. आपण मुलाच्या दप्तरापुरते बोलू. मराठी माध्यमातील मूल कर्नाटक मंडळाची पुस्तके मराठीत वाचते, त्याला कन्नड शिकावे लागते आणि इंग्रजीही सुटत नाही. निपाणीला लागून असलेले अर्जुननगर मात्र महाराष्ट्रातील कागल तालुक्यात येते, आणि तेथील देवचंद महाविद्यालय शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. म्हणजे दहावी एका राज्याची आणि पदवी दुसऱ्या राज्याची, हे येथे घराच्या अंगणात घडते. अशा मुलाला दोन्ही बाजूंची भाषा जाणणारा शिक्षक हवा असतो, आणि तो प्रत्येक गावात मिळत नाही. दूरस्थ शिकवणीचे महत्त्व येथे आहे.

मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे शाळा बंद झाल्या आणि पडद्यावरचे शिक्षण घरोघर पोहोचले. तथापि त्या धांदलीत दोन निराळ्या गोष्टींची गल्लत झाली. ध्वनिचित्रमुद्रित पाठ ही एक गोष्ट. शिकवणी ही दुसरी. केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या 'दीक्षा' या मंचावर अनेक भारतीय भाषांतील पाठ विनामूल्य मिळतात. हे साहित्य मोलाचे आहे. परंतु पाठ आपले ऐकवितो, आपले ऐकत नाही. 'खान अकादमी'चा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. २००४ साली सलमान खान या अमेरिकेतील तरुणाने दुसऱ्या शहरातील नात्यातल्या लहान बहिणीला दूरध्वनीच्या आणि संगणकाच्या साहाय्याने गणित शिकविण्यास आरंभ केला. जगप्रसिद्ध झालेल्या चित्रफिती नंतर आल्या. आधी होती ती एका मुलीची शिकवणी.

आता भाषा, गणित आणि संकेतस्थळांची रचना या तीन विषयांत ही शिकवणी कशी चालते, ते एका विद्यार्थिनीच्या उदाहरणाने सांगतो. मुलगी निपाणीजवळच्या खेड्यातील. आई विड्या वळते. गणित मी शिकवीत असे, कन्नड धारवाडच्या एक निवृत्त शिक्षिका, आणि संकेतस्थळ-रचना या शाळेचा पुण्यात नोकरी करणारा एक माजी विद्यार्थी.

कन्नडात ए आणि ओ या स्वरांचे ह्रस्व आणि दीर्घ असे दोन भेद आहेत. आजच्या मराठी लेखनात ते नाहीत. ह्रस्व ओकाराने उच्चारलेले 'कोडु' म्हणजे 'दे'. तोच ओकार लांबविला की अर्थ होतो 'शिंग'. आमची विद्यार्थिनी मोठ्या आदबीने पुस्तक मागे आणि प्रत्येक वेळी शिंगाचे नाव घेई. मुद्रित पाठ तिने दहादा ऐकला होता. पण मराठी कानाला जो भेद सवयीचा नाही, तो पुन्हापुन्हा ऐकूनही निसटतो. बाईंनी तिला तो शब्द म्हणावयास लावला, हसून थांबविले आणि दोन्ही उच्चार पाठोपाठ म्हणवून घेतले. चौथ्या दिवशी तीच स्वतःला सुधारू लागली. भाषेच्या शिकवणीत पलीकडे जिभेपेक्षा कान अधिक लागतो, तो असा.

गणितात चूक कानाला कळत नाही. ती वहीत असते. १२ आणि १८ यांचा लसावि तिने २१६ काढला. यंत्राने तपासले असते तर 'चूक' एवढाच शेरा मिळाला असता. मी तिला मोबाइल चेहऱ्यावरून काढून वहीवर धरावयास सांगितले. तिने दोन्ही संख्यांचा सरळ गुणाकार केला होता. म्हणजे उत्तर निराधार नव्हते: २१६ ला १२ नेही भाग जातो आणि १८ नेही. फक्त ६ हा सामाईक विभाजक दोनदा मोजला गेला होता. "एकदा काढून टाक," म्हणताच तिने २१६ ला ६ ने भागले आणि ३६ हे उत्तर आले. चुकीच्या उत्तरातूनच बरोबर उत्तराकडे वाट गेली. पण त्यासाठी कोणीतरी वही पाहणे अवश्य होते. परिभाषेचाही प्रश्न होताच. आपला 'लसावि' कन्नड पुस्तकात 'लसाअ', म्हणजे 'लघुत्तम सामान्य अपवर्त्य', होतो आणि आपला 'त्रिकोण' तेथे 'त्रिभुज' म्हणून भेटतो. एक भाषा कोन मोजते, दुसरी बाजू, आकृती तीच. हे एकदा उमजले की मुलाची अर्धी भीती जाते.

तिसरा विषय संकेतस्थळ-रचनेचा. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली. वेबची पाने 'एचटीएमएल' या खुणांच्या भाषेत लिहितात. येथे चूक आपोआप दिसेल असे वाटते. पण ब्राउझर फार क्षमाशील असतो. समाप्तीची खूण विसरली तरी तो पान दाखवितोच, फक्त पुढचा सारा मजकूर ठळक होऊन बसतो. दोष कोठे आहे, हे शोधण्याची शिस्त शिक्षकच लावू शकतो.

गावातील वस्तूंची मराठी आणि कन्नड नावे देणारे एक पान ती तयार करीत होती. संगणकाला अक्षरे ठाऊक नसतात, क्रमांक ठाऊक असतात. ते युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीने ठरविले आहेत. देवनागरी 'क'चा क्रमांक २३२५, कन्नड 'क'चा ३२२१. 'म'चे अनुक्रमे २३५० आणि ३२४६. तिच्या शिक्षकाने काही न सांगता एवढेच विचारले, "वजाबाकी केलीस काय?" दोन्हीकडे उत्तर आले ८९६. मग तिने साऱ्या वर्णमालेची वजाबाकी केली आणि प्रत्येक समान अक्षराला तेच उत्तर मिळाले. कारण असे, की युनिकोडमधील भारतीय लिप्यांची मांडणी आपल्या देशातच १९८८ साली ठरलेल्या 'इस्की' या संकेतावर बेतलेली आहे, आणि तीत समान ध्वनीच्या अक्षरांना सर्व लिप्यांत समान स्थान दिले होते. ज्या दोन भाषांच्या सीमेवर ही मुलगी वाढली, त्यांची अक्षरे संगणकात सारख्याच क्रमाने बसली आहेत, हे तिने स्वतः शोधले. त्या संध्याकाळी भाषा, गणित आणि संकेतस्थळ-रचना हे तीन निराळे तास उरले नाहीत.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. घरात मोबाइल एकच, आणि तो दिवसभर वडिलांच्या खिशात. लहान पडद्यावर आकृती नीट दिसत नाही. समोर चाळीस मुले असली की शिकवणीचे पुन्हा भाषण होते. म्हणून अनुभवान्ती मी काही पथ्ये पाळतो: एका वेळी चार-पाचच मुले, ठरलेली वेळ, छायाकॅमेरा वहीवर, आणि निम्मा वेळ मुलांनी बोलावयाचा.

माजी विद्यार्थ्यांनो, या कार्याला पैशापेक्षा तुमचा वेळ अधिक हवा आहे. तुमच्यापैकी कित्येक जण आज पुण्याला, बंगळूरूला, परदेशी आहेत. आठवड्यातून एक तास चार मुलांना द्या. शाळेने आपली संगणक-खोली सायंकाळी दोन तास उघडी ठेवावी आणि एका शिक्षकाने तेथे बसावे, अशी माझी व्यवस्थापनाला विनंती आहे. ज्या मुलाच्या घरी यंत्र नाही, त्याची सोय अशानेच होईल.

गुरुजींचे ते बोट या शाळेतील किती वह्यांवर टेकले असेल, याची मोजदाद नाही. आपण निदान चार वह्यांपासून प्रारंभ करू.