विमान वाटेत अकरा तास थांबणार : बाहेर जावे की आतच बसावे?

परदेशी शिकायला किंवा नोकरीला जाणारी मुले-मुली आता आपल्या वस्त्यांतूनही निघू लागली आहेत. कुणाला शासनाची शिष्यवृत्ती मिळते, कुणी बँकेचे कर्ज काढते, कुणाचे वडील प्रॉव्हिडंट फंडातून पैसे उचलतात. घरातला पहिला पासपोर्ट आणि पहिलेच विमान. तिकीट स्वस्त पाहिजे म्हणून ते बहुधा थेट नसते. वाटेत सिंगापूरला, दुबईला किंवा दोह्याला उतरायचे आणि आठ, दहा, बारा तासांनी दुसऱ्या विमानात बसायचे. मग घरात प्रश्न निघतो की एवढा वेळ पोरगी तिथे करणार काय? बाहेर पडून शहर पाहिले तर चालते का?

संध्याकाळी कचेरीतून आल्यावर लोकांचे फॉर्म भरून देणे, दाखल्यांच्या नकला तपासणे ही कामे आमच्याकडे वर्षानुवर्षे चालू आहेत. त्यात आता तिकिटे वाचून देण्याची भर पडली आहे. अशाच एका शेजारच्या मुलीचे तिकीट आमच्यापुढे आले. मुंबई ते सिंगापूर, सिंगापूर ते मेलबर्न. सिंगापूरला सकाळी साडेसातला उतरणार आणि पुढचे विमान संध्याकाळी साडेसहाला. वडील म्हणाले, "जाऊन बघून ये. आम्ही कधी बघणार आहोत?" आई म्हणाली, "भाऊ, तुम्हीच सांगा तिला. एका जागी गुमान बसून राहा म्हणावं. विमान चुकलं तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे आणायचे कुठून?"

दोघांचेही म्हणणे खोटे नाही. ज्याच्या खिशात दुसऱ्या तिकिटाचे पैसे असतात त्याचे विमान चुकले तर त्याचा एक दिवस वाया जातो. आपले चुकले तर व्याजाने पैसे काढावे लागतात, कॉलेजात हजर होण्याची तारीख टळते. म्हणून हा निर्णय हौस आहे की भीती आहे यावर घेऊ नये. कागदावर घ्यावा. आम्ही कारकून माणसे, आमची सवयच ती, आधी कागद मग बाकीचे.

पहिली गोष्ट ही समजून घेतली पाहिजे की परक्या विमानतळावर उतरणे म्हणजे त्या देशात शिरणे नव्हे. विमानातून उतरून आतल्या आत दुसऱ्या विमानाकडे जाता येते, त्याला ट्रान्झिट म्हणतात. देशात शिरायचे ते इमिग्रेशनच्या खिडकीतून, पासपोर्ट दाखवून. बाहेर जायचे तर ही खिडकी ओलांडावी लागते आणि त्यासाठी त्या देशाची परवानगी लागते. किती तास हातात आहेत हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

सिंगापूरला जायला भारतीय पासपोर्टवाल्यांना व्हिसा लागतो. पण एक सवलत आहे. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जर्मनी, जपान, न्यूझीलंड, स्वित्झर्लंड, ब्रिटन किंवा अमेरिका यांपैकी एखाद्या देशाचा चालू व्हिसा पासपोर्टधारकाकडे असेल, त्याची मुदत निदान एक महिना उरलेली असेल आणि ९६ तासांच्या आत पुढे जाण्याचे पक्के तिकीट असेल, तर सिंगापूरचा वेगळा व्हिसा न काढता तेवढ्यापुरते बाहेर जाता येते. शेजारच्या मुलीकडे ऑस्ट्रेलियाचा विद्यार्थी व्हिसा होता, म्हणजे तिला हे दार उघडे होते. अर्थात आत सोडायचे की नाही हा शेवटचा शब्द खिडकीतल्या अधिकाऱ्याचा असतो. तो नाही म्हणाला तर हुज्जत न घालता मागे फिरावे. परतीच्या प्रवासात याच सवलतीच्या अटी थोड्या निराळ्या आहेत, त्या तेव्हा नव्याने वाचाव्यात.

यात एक खोच आहे. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पासपोर्टवर चिकटवलेला नसतो. तो ई-मेलने येतो. पासपोर्टची पाने उलटून पाहिली तर ती कोरीच दिसतात. तेव्हा व्हिसा मिळाल्याचे पत्र आणि पुढचे तिकीट छापून फायलीत ठेवले पाहिजे. मोबाईलमध्ये आहे म्हणून भागवू नये, बॅटरी उतरली की कागदही गेला. शिवाय सिंगापूरमध्ये शिरण्यापूर्वी तीन दिवसांच्या आत एक अरायव्हल कार्ड संगणकावर भरावे लागते. सरकारी साइटवर ते फुकट भरता येते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या साइट निघाल्या आहेत, त्यांच्या नादी लागू नये.

आता दुसरी गोष्ट, आणि आमच्या मते हीच सगळ्यांत महत्त्वाची. तिकीट एक आहे की दोन?

मुंबई ते मेलबर्न असे सबंध एकच तिकीट असेल, तर बॅग मुंबईत दिली की ती बहुधा थेट मेलबर्नलाच मिळते. मुंबईच्या काउंटरवर विचारून घ्यावे आणि बॅगेला बांधलेल्या चिठ्ठीवर शेवटची तीन अक्षरे वाचावीत. एम-ई-एल असेल तर ठीक. एस-आय-एन असेल तर बॅग सिंगापूरलाच उतरणार. पहिले विमान उशिरा पोहोचून दुसरे चुकले, तर एकाच तिकिटावर पुढे पोहोचवण्याची व्यवस्था कंपनीला पाहावी लागते. मात्र तुम्ही शहरात फिरायला गेलात आणि म्हणून चुकले, तर तो खर्च तुमचा.

पण स्वस्ताईसाठी दोन कंपन्यांची दोन वेगळी तिकिटे काढलेली असली, तर गणित उलटेपालटे होते. पहिली कंपनी म्हणते आमचे काम सिंगापूरला संपले. बॅग तिथे पट्ट्यावर येते, आणि तो पट्टा इमिग्रेशनच्या पलीकडे असतो. बॅग घ्यायची तर देशात शिरायला हवे, आणि शिरायचे तर व्हिसा किंवा सवलत हवी. इथे बाहेर जावे की न जावे हा प्रश्नच राहत नाही, जावेच लागते.

आमच्या माहितीतल्या एका तरुणाला इंडोनेशियात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात नोकरी लागली होती. त्याने अशीच दोन तिकिटे काढली. मधला थांबा चौदा तासांचा. मित्रांना सांगून ठेवले होते की सिंगापूर बघून पुढे जाणार. मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरच्या माणसाने विचारले, सिंगापूरचा व्हिसा कुठे आहे? त्याच्याजवळ वरच्या आठ देशांपैकी एकाचाही व्हिसा नव्हता. त्याला विमानात बसू दिले नाही. कंपनीच्या दृष्टीने ते नियमाला धरून होते, कारण परवानगी नसलेला प्रवासी नेला तर त्याला परत आणण्याचा भार कंपनीवर पडतो. पण पोराची दोन्ही तिकिटे बुडाली. घरच्यांनी पतसंस्थेतून कर्ज काढून त्याला पंधरा दिवसांनी थेट पाठवले. स्वस्त तिकिटात जे चार-पाच हजार वाचले होते, त्याच्या कितीतरी पट गेले.

शेजारच्या मुलीचे तिकीट एकच होते आणि व्हिसाही होता. मग आम्ही वहीच्या मागच्या पानावर तासांचा हिशेब मांडला. अकरा तास दिसतात भरपूर, पण ते सगळे आपले नसतात. विमानातून उतरून, लांबच लांब चालून, रांगेतून बाहेर पडेपर्यंत सव्वा तास धरला. गाडीने शहरात जायला, वाट पाहण्याचा वेळ धरून, एक तास. परतायला तेवढाच. आणि पुढच्या विमानाच्या तीन तास आधी विमानतळावर हजर, कारण पुन्हा इमिग्रेशन, पुन्हा तपासणी, आणि गेट विमान सुटण्याच्या आधीच बंद होते. झाले सव्वासहा तास. उरले पावणेपाच. त्यातही विमान वेळेवर उतरले तर.

हाच हिशेब सहा तासांच्या थांब्याला लावून पाहा, शिल्लक उणे येते. आठ तासांना लावा, पावणेदोन तास उरतात, म्हणजे जीव मुठीत धरून एक रस्ता पाहायचा आणि परत फिरायचे. आमचे मत असे झाले की सिंगापूरला नऊ-दहा तासांच्या खाली बाहेर पडू नये. आणि थांबा रात्रीचा असेल तर मुळीच नको, कारण तिथली मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते ती पहाटेच सुरू होते. टॅक्सीचे भाडे आपल्याला झेपणारे नाही.

घड्याळाचेही सांगितले पाहिजे. सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिकिटावरच्या वेळा तिथल्या असतात. हातातले घड्याळ मुंबईचेच राहिले तर चार वाजलेत असे वाटेल तेव्हा तिथे साडेसहा झालेले असतील.

पावणेपाच तासांत सबंध सिंगापूर पाहू म्हटले तर काहीच धड होत नाही. एक जागा ठरवावी. विमानतळाच्या स्टेशनावरून मेट्रोने पहिल्याच एक्स्पो स्टेशनला उतरून डाउनटाउन लाइन पकडली, तर तीच गाडी सरळ लिटल इंडियाला नेते. भाडे तीन डॉलरच्या आत. सिंगापूरचा एक डॉलर साठ रुपयांच्या वर धरून चालावे, म्हणजे हात आपोआप आखडता राहतो. स्टेशनला लागूनच टेक्का सेंटर नावाचा मोठा बाजार आहे. खाली मासळी, भाजी आणि डोसा-भाताची दुकाने, वर कपडे. तमिळ मजूर, चिनी म्हाताऱ्या, मलय बाया एकाच बाकावर जेवताना दिसतात. आमच्या मते उंच इमारतींपुढे उभे राहून फोटो काढण्यापेक्षा हे पाहणे बरे. याच लाइनवर पुढे चायनाटाउन आहे. तिथे २००७ साली उघडलेले बुद्धाच्या दंतधातूचे मोठे विहार आहे, प्रवेशाला पैसे पडत नाहीत. दोन्हींपैकी एकच निवडावे, असे आम्ही मुलीला सांगितले. ती म्हणाली, दोन्ही एकाच लाइनवर आहेत ना? पोरीचे डोके चालते. तरी आम्ही एकच म्हटले.

आता पिशवीत काय आहे ते पाहा, कारण बाहेर पडताना हातातले सामान तपासले जाऊ शकते. सिंगापूरमध्ये गुटखा, खैनी, जर्दा चालत नाही. ई-सिगारेटला बंदी आहे. च्युइंग गमदेखील नेता येत नाही, ती बंदी १९९२ पासूनची आहे. आणि आयांनो, खसखस! लाडवाला लावलेली असो की मसाल्याच्या पुडीतली, ती घालून देऊ नका. अफूच्या झाडाचे बी म्हणून सिंगापूरमध्ये आणि आखाती देशांतही तिला मनाई आहे. आपल्याकडे अनारशाला लावतात ती वस्तू तिकडे पोलिसांचे काम होऊन बसते. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी "तिकडच्या आमच्या माणसाला द्या" म्हणून दिलेली बांधलेली पुडी तर कोणत्याही देशात नेऊ नये. अमली पदार्थांना सिंगापूरमध्ये फाशीची शिक्षा आहे.

सिंगापूरचा नियम दुबईला लावू नये. संयुक्त अरब अमिरातीत ४८ तासांचा ट्रान्झिट व्हिसा विनाशुल्क आणि ९६ तासांचा पैसे भरून मिळतो, पण तो आधीच, तिथल्या विमान कंपनीमार्फत काढावा लागतो. प्रत्येक देशाचे नियम वेगळे आणि ते बदलतही असतात. तिकीट काढण्यापूर्वी एकदा आणि निघायच्या आठवड्यात पुन्हा एकदा, त्या देशाच्या सरकारी साइटवर वाचून घ्यावेत. आणि कागद सगळे बरोबर असले तरी आभाळाचे काय करणार? १६ एप्रिल २०२४ ला दुबईत असा पाऊस झाला की ७५ वर्षांच्या नोंदींत तसा नव्हता. रस्ते बुडाले, शेकडो विमाने रद्द झाली. त्या दिवशी शहरात फिरायला गेलेल्याला परत यायला वाट नव्हती. हवामान खराब दिसत असेल तर आतच थांबावे.

आत बसणे म्हणजे शिक्षा नव्हे, हेही मुलांना सांगितले पाहिजे. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर ट्रान्झिटमध्येच फुलपाखरांची बाग आहे, फुकट सिनेमा आहे, पाय पसरून झोपता येईल अशा खुर्च्या आहेत, पिण्याचे पाणी आहे, फुकट वायफाय आहे. रिकामी बाटली जवळ ठेवली की पाण्याला पैसे पडत नाहीत. एक मात्र लक्षात घ्यावे. तिथला ४० मीटर उंचीचा प्रसिद्ध धबधबा ज्वेल नावाच्या इमारतीत आहे, २०१९ साली तो सुरू झाला, आणि तो इमिग्रेशनच्या बाहेर आहे. तरी एका टर्मिनलवरून दुसऱ्याला नेणारी छोटी फुकट गाडी त्या इमारतीतूनच जाते आणि काचेतून तो ओझरता दिसतो. विमानतळातर्फे ट्रान्झिट प्रवाशांसाठी अडीच तासांची विनामूल्य शहरफेरीही असते. साडेपाच तासांच्या वर आणि चोवीस तासांच्या आत थांबा असलेल्यांसाठी ती आहे. मार्गदर्शक बरोबर असतो, वेळेवर परत आणतात. एकट्या मुलीने पहिल्यांदा जाण्यापेक्षा आम्हाला हा मार्ग अधिक बरा वाटला. पण देशात शिरण्याची परवानगी इथेही लागतेच, आणि जागा मोजक्या असल्याने नाव आधी नोंदवावे.

शेवटी असे ठरले की मुलीने फेरीसाठी नाव नोंदवायचे. जागा मिळाली तर फेरी, नाही मिळाली आणि विमान वेळेवर उतरले तर लिटल इंडिया. उतरायलाच साडेआठ वाजले तर बाहेर पाऊल टाकायचे नाही. वडिलांनी मान डोलावली. आईने वेळा विचारून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून घेतल्या. उतरल्यावर एक फोन, दुपारी विमानतळात परत शिरल्यावर दुसरा, विमानात बसताना तिसरा. दुसऱ्या फोनची वेळ आपल्या घड्याळाने किती वाजता येते, हे तिने आमच्याकडून दोनदा मोजून घेतले. तिथले साडेतीन म्हणजे इथला एक वाजतो.