अडीच घरांची प्रदक्षिणा

म्हैसूरच्या पश्चिमेस हुणसूर रस्त्यावर असलेले हिनकल हे एकेकाळी वेगळे गाव होते. आता ते शहराचे उपनगरच झाले आहे. तेथून शहराच्या जुन्या भागात आले की जगनमोहन राजवाडा लागतो. १८६१ साली तो बांधणारे तिसरे कृष्णराज वडियार, कन्नड लोकांचे ‘मुम्मडी’, हे कलांचे आश्रयदाते म्हणून प्रसिद्ध आहेत. पटावरील खेळांचे आणि कोड्यांचे ते गाढे व्यासंगी होते, ही गोष्ट मात्र तितकीशी परिचित नाही. त्यांच्या ‘श्रीतत्त्वनिधी’ या सचित्र ग्रंथाच्या ‘कौतुकनिधी’ या विभागात खेळांनाही स्थान मिळाले आहे. १७९९ मध्ये वयाच्या पाचव्या वर्षी गादीवर बसलेल्या कृष्णराजांकडून १८३१ मध्ये इंग्रजांनी राज्यकारभार काढून घेतला आणि १८६८ साली मृत्यू येईपर्यंत तो त्यांना परत मिळाला नाही. अशा राजाच्या आवडीचे एक कोडे म्हणजे बुद्धिबळाच्या घोड्याची फेरी.

कोडे सांगायला सोपे आहे. रिकाम्या पटावर एकच घोडा ठेवावा. नेहमीच्या अडीच घरांच्या चालीने त्याने चौसष्टही घरांत जावे; पण कोणत्याही घरात दुसऱ्यांदा जाऊ नये. शेवटच्या घरातून एका चालीत पहिल्या घरी परतता आले, तर फेरी बंद झाली असे म्हणतात. अशा बंद फेऱ्या, दिशेचा भेद न मानता, सुमारे १३ लाख २६ हजार कोटी आहेत. इतकी उत्तरे असूनही नवख्याला बहुधा एकही सापडत नाही. पन्नास-पंचावन्न घरे सुरळीत जातात आणि मग घोडा अडतो. चार-सहा घरे कोपऱ्याकाठी एकाकी राहिलेली असतात.

असे का होते, हे चाली मोजल्या की कळते. पटाच्या मधल्या घरातून घोड्याला आठ वाटा असतात, कोपऱ्यातून केवळ दोन. मधली घरे सोयीची म्हणून आधी वापरली, की कोपऱ्यांच्या वाटा बुजतात. फॉन वार्न्सडॉर्फ या जर्मन लेखकाने १८२३ साली यावर एक साधा नियम सुचविला. ज्या घरातून पुढे जाण्यास सर्वांत कमी मोकळ्या वाटा उरल्या असतील, त्या घरात आधी जावे. अडचणीचे काम आधी उरकण्याचाच हा प्रकार! दोन घरे समान ठरली तर निवड आपली आपण करावी लागते, त्यामुळे नियम दरवेळी फळतोच असे नाही. पण बहुतेक वेळा तो पैलतीरी नेतो. सरावासाठी पंचवीस घरांचा पट बरा. कोपऱ्यात निघून मध्यावर संपणारी ही एक फेरी पाहावी. आकडे घोड्याचा क्रम दाखवितात.

१ १४ ९ २० ३
२४ १९ २ १५ १०
१३ ८ २५ ४ २१
१८ २३ ६ ११ १६
७ १२ १७ २२ ५

या पटावर बंद फेरी मात्र कितीही डोके खाजविले तरी साधणार नाही. घोडा प्रत्येक चालीत काळ्या घरातून पांढऱ्यात किंवा पांढऱ्यातून काळ्यात जातो. पंचवीस घरे फिरून मूळ जागी यायला पंचवीस, म्हणजे विषम चाली लागतील आणि विषम चालींनंतर घराचा रंग बदललेला असतो. चौसष्ट घरांच्या पटावर एका कोपऱ्यातून निघून समोरच्या तिरप्या कोपऱ्यात फेरी संपविता येईल का, याचा निकालही याच युक्तीने लागतो. ते दोन्ही कोपरे एकाच रंगाचे असतात आणि चाली त्रेसष्ट. अर्थात नाही. एकही सोंगटी न हलविता ‘अशक्य’ असे ठामपणे सांगता येते, हीच या कोड्याची खरी गंमत आहे.

ऑयलरने अठराव्या शतकात या फेरीचा गणिती अभ्यास केला. भारतात ती त्यापूर्वी कितीतरी शतके काव्यशास्त्रात वावरत होती. नवव्या शतकातील रुद्रटाच्या ‘काव्यालंकारा’त अर्ध्या पटावरची, बत्तीस घरांची ‘तुरगपद’ रचना आहे. अक्षरे सरळ वाचली काय, घोड्याच्या चालीने वाचली काय, श्लोक तोच! सतराव्या शतकातील नीलकंठभट्टांच्या ‘भगवंतभास्करा’तील ‘नीतिमयूखा’त पूर्ण पटाच्या फेऱ्या सांगितल्या आहेत. हे काशीचे पंडित, पण घराणे मूळचे पैठणचे. याच ग्रंथाचा ‘व्यवहारमयूख’ हा भाग पुढे मुंबई प्रांतातील न्यायालयांत वारसाहक्काच्या तंट्यांत प्रमाण मानला जाई. वारसाचे कायदे आणि घोड्याची उडी एकाच ग्रंथात नांदावी, याचे त्या काळी कोणाला नवल वाटले नसावे.

कृष्णराजांनी कोड्याला आणखी एक अट जोडली. त्यांच्या नावे असलेल्या एका फेरीत पट बारा बाय बाराचा आहे. घोडा १ ते १४४ क्रमाने सर्व घरे फिरतो आणि ते क्रमांक घरांत मांडले की प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीची बेरीज ८७० येते. म्हणजे फेरीच जादूचा चौरस होते. नेहमीच्या पटावर ही बेरीज २६० हवी. अशी पहिली फेरी विल्यम बेव्हर्ली यांनी १८४८ साली प्रसिद्ध केली. तेथे दोन्ही कर्णांची बेरीजही २६० येईल का, हा प्रश्न त्यानंतर दीडशे वर्षे लोंबकळत राहिला. २००३ साली संगणकाने सर्व शक्यता तपासल्या. ओळींची अट पाळणाऱ्या वेगवेगळ्या फेऱ्या १४० निघाल्या. त्यांपैकी एकीचेही दोन्ही कर्ण जुळत नाहीत.